येते म्हणून निघताना

१९ ऑक्टोबर, रविवार
आईला येऊन आठवडा झाला. जेटलॅग संपला, आता कंटाळा सुरू. पहाटे बुद्धवंदना, मग चहा, मग खिडकी. "इथं माणसं राहतात का नुसत्या गाड्याच राहतात?" आमच्या या कॅरी गावात सगळे गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजमध्ये, यात तिचं काय चुकलं. नितीन म्हणतो सवय होईल. नवऱ्याला बोलायला काय जातं, दिवसभर मीटिंगमध्ये. इरा अकरा वर्षांची, पण आजीला सल्ला देते, "जस्ट वॉच समथिंग, आजी." मार्चअखेर परत जाईपर्यंत आईला रमवायचं. डेडलाइन आहे, रिसोर्स नाही.

२३ ऑक्टोबर
रिसोर्स सापडला. तिनंच शोधला.
शेजारचे वॉल्टर. वय त्र्याण्णव, एकटे, दुपारभर पोर्चवर लाकडी खुर्चीत. चार वर्षांत माझं त्यांच्याशी बोलणं म्हणजे हाय, कचऱ्याचा डबा, बाय. आई आज सरळ गेली आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. मी कॉलवर. खिडकीतून बघते तर दोघं रस्त्याकडे तोंड करून गप्प. किती तरी वेळ.
"काय बोललात?"
"बोलायला कशाला पाहिजे? जय भीम केला, त्यानं पण केला."
"त्यांनी?"
"जे बीम म्हणे. आणि निघताना येते म्हटलं तर 'या' म्हणाला. आपल्यासारखं. कुठं शिकला असंल?"
कुठंच नाही. मूळचे मिनेसोटाचे, तिकडे येसला 'या' म्हणतात. हे आईला सांगितलं नाही. खुश होती.

१ नोव्हेंबर
काल हॅलोवीन. मी चॉकलेटं आणायला विसरले. आईनं दारात आलेल्या एका भुताला चकली दिली. भूत थँक्यू म्हणालं.

८ नोव्हेंबर, शनि.
"वाल्टरभाऊ फौजी आहे," आईनं भाजी निवडता निवडता जाहीर केलं. कशावरून? "पाठ भिंतीला लावून बसतो. तुझ्या बाबांसारखा." मी म्हटलं, अगं त्यांच्या टोपीवरच लिहिलंय, कोरिया. "मी कुठं टोपी वाचली?"
भाऊ काय म्हणते, तिच्या वडिलांच्या वयाचे आहेत. पण एकदा म्हटलं म्हणजे झालं.
बाबांची आठवण दिवसभर. पायदळात होते, एकाहत्तरची लढाई बघितलेली, आणि आयुष्यभर त्याबद्दल सांगितलं काय तर "थंडी होती." लहानपणी मी किती मागे लागायची. थंडी होती, संपलं. गेले तेही न बोलता. आई त्यांच्याजवळ अशीच बसायची, बरॅकीसारख्या त्या क्वार्टरच्या ओट्यावर, गहू निवडत. तिला त्या बसण्याची प्रॅक्टिस आहे.

१५ नोव्हें.
वॉल्टर बोलायला लागलेत. आईशी. इंग्रजीत. मी झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं बाहेर. शब्द नीट ऐकू येत नव्हते, आवाज एकसुरी, मधे थांबले की आईचं "हो," "मग?", "असं का."
संध्याकाळी विचारलं, कळतं का तुला?
"एक अक्षर नाही."
"मग हो काहून म्हणतेस?"
"थांबला की म्हणते. नाही तर तिथंच अडून बसंल." वर म्हणे, "तुझे बाबा मराठीत बोलले नाहीत, हा इंग्रजीत बोलून राहिला. मला काय, दोन्ही सारखंच."
मी उठले. पोळ्या लाटल्या.

२७ नोव्हें., थँक्सगिव्हिंग
वॉल्टरची मुलगी सूझन अल्फारेटाहून आलेली. साठीची, शाळेत शिकवते. वॉल्टरसोबत पम्पकिन पाय घेऊन आमच्याकडे आली. आईनं त्यांच्याच वाफ्यातल्या कोबीसारख्या कोलार्डच्या पानांना बेसन लावून भाजी केली होती, झुणक्यासारखी. वॉल्टरनी दोनदा घेतली. सूझन मला ओट्यापाशी गाठून हळूच, "डॅड तुझ्या आईशी कशाबद्दल बोलतात? कोरियाबद्दल? मला जन्मात एक वाक्य सांगितलं नाही." म्हटलं, माझ्या आईलाही माहीत नाही, तिला इंग्रजी येत नाही. हसलो दोघी. ती जरा कमी हसली.

१३ डिसेंबर
इराचे इंग्लिश क्लासेस जोरात. विद्यार्थिनी एक, वय बहात्तर. वॉटर, शुगर, नी पेन, व्हेरी कोल्ड. आज आईचा प्रश्न: "निघताना 'येते' म्हणायचं तर काय म्हणू?" इरानं विचार केला आणि सांगितलं, "आयॅम कमिंग." मी कांदा चिरत होते, ऐकलं, हसू आलं, काही बोलले नाही. (नंतर जोडलं: त्या वेळी बोलायला हवं होतं.)

१५ डिसें., सोम.
आज फार वाईट झालं.
पाचला कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेले तर वॉल्टर पोर्चवर. गारठा असा की माझे हात जॅकेटमधून निघेनात. समोर दोन कप, दोन्ही भरलेले, गार. ओठ निळे. आत चला म्हटलं तर नाही. "शी सेड शीज कमिंग."
आई? आई तर तीनलाच घरी येऊन आडवी झाली होती.
मला वाटलं वयामुळे गोंधळ झाला. हाताला धरलं तर हात झटकला. "येणार नसाल तर येते म्हणू नका." मोठ्यानं. चार वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. शेवटी नितीननं येऊन जवळजवळ उचलून आत नेलं, हीटर वाढवला. उंबऱ्यावरून वळून परत पोर्चकडे बघत होते.
घरी येऊन आईला विचारलं. तिनं निघताना सांगितलं होतं, अगदी नीट, शिकल्याबरहुकूम: आयॅम कमिंग, भाऊ. आणि ते म्हणाले होते, या.

१६ डिसें.
त्यांना खोकला. सूझनला फोन केला, म्हणाली ताप नाही ना, मग लक्ष ठेव. आई तीनदा गेली, दार उघडलं नाही. तिचं जेवणात लक्ष नाही. "माझ्या तोंडून खोटं गेलं का वं?" आई, खोटं नाही गं, भाषांतर आहे. मी इरावर तणतणले, ती रडली. "बट दॅट्स व्हॉट इट मीन्स, मम्मा." तेच तर आहे, पोरीचं एक अक्षर चुकलेलं नाही.

२० डिसें., शनि.
नीट लिहून ठेवते.
आई, मी, थर्मासमध्ये आल्याचा काढा. या वेळी दार उघडलं. बसा म्हणाले नाहीत, आई बसली.
मी समजावायला घेतलं. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. जातो म्हणणं अशुभ, ते कायमच्या जाण्याला. म्हणून येते म्हणायचं. म्हणजे लगेच येईन असं नाही, कधी येईन असंही नाही... आणि इथं माझीच गाडी अडली. मग म्हणजे नक्की काय? बेचाळीस वर्षं म्हणतेय, कधी विचार केला नव्हता. वॉल्टर ऐकत होते. काढा संपवला. मग म्हणाले, "इट वॉज कोल्ड."
मी तोंड उघडायच्या आत आई माझ्याकडे बघून, "थंडी होती म्हणतो ना?"
हो, आई.
मग त्यांनी सांगितलं, आणि मी वाक्यावाक्याला मराठी करत गेले. कोरिया, एक्कावन्नचा फेब्रुवारी, चिप्योंग-नी नावाचं खेडं. भोवती टेकड्या, त्यापलीकडे सगळीकडून चिनी फौज. हे मधे अडकलेले. रस्ता बंद, गोळ्या आणि खाणं विमानातून पॅराशूटनं टाकायचे. अंधार पडला की खालून बिगुल आणि शिट्ट्या, आणि मग माणसं वर चढून यायची. शेजारच्या फ्रेंच तुकडीकडे हातानं फिरवायचा भोंगा होता, ते बिगुलाला उत्तर म्हणून भोंगा वाजवायचे. हे सांगताना हसले. एकोणीसचे होते. जमीन अशी गोठलेली की खड्डा कमरेइतकाच खणला गेला.
"मोर्चा म्हण," आई म्हणाली. "खड्डा काय. बाबा मोर्चा म्हणायचे."
बरं, मोर्चा. त्यात हे आणि एडी. एडी ओहायोचा, बडबड्या, ह्यांच्या वाटणीची बिस्किटं खाणारा. दुसऱ्या रात्री गोळ्या संपत आल्या. एडी आणायला खाली निघाला. म्हणाला, "आयॅम कमिंग राइट बॅक, वॉल्ट. डोन्ट यू मूव्ह."
हे हलले नाहीत. टेकडी हातची गेली, मागे हटायचा हुकूम झाला, आजूबाजूचे मोर्चे रिकामे झाले, तरी हे बसून. शेवटी सार्जंटनं कॉलरला धरून फरफटत खाली आणलं. दुसऱ्या दिवशी रणगाडे येऊन पोचले, वेढा उठला. तोवरची नुसती माघार तिथं थांबली, लढाईचं पारडं तिथून फिरलं असं सगळे म्हणतात. "असेल. मी तिथून हललो, एवढं मला माहीत आहे."
एडी सापडला नाही. कुणालाच. पण ह्यांना तो गेल्याचं तेवढं बोचत नाही. तो परत आला असेल तर? वर चढून आला असेल आणि मोर्चा रिकामा?
हे मला मराठीत करताना दोनदा थांबावं लागलं.
ह्यातलं आईला किती सांगितलं होतं, विचारलं. "ऑल ऑफ इट. ट्वाइस." म्हणजे तिचं ते हो, मग, असं का.
आई गुडघा चोळत होती. मग मला, "विचार त्याला. तो पोरगा येतो म्हणाला, तेव्हा हा काय म्हणाला?"
विचारलं. वॉल्टर आठवायला लागले. काही खास नाही, म्हणाले. काय म्हणणार? खांदे उडवले. "आय सेड, या."
"या म्हणाला." आईनं भाषांतराची वाट पाहिली नाही. "ऐकलं मी. या म्हणाला ना? मग झालं तर. सांग त्याला. येतो म्हणणाऱ्याला या म्हटलं की दोघं मोकळे. जाणाऱ्यानं जमंल तेव्हा यावं. राहणाऱ्यानं दार धरून बसायचं नाही, आपलं काम करायचं. यानं त्या पोराला मोकळं केलं होतं. स्वतःच बसून राहिला इतकी वर्षं."
हे असं कुठं लिहिलेलं नाही. आईनं तिथल्या तिथं बेतून शिवलं. पण मी शब्दन् शब्द सांगितला, एकही गाळला नाही.
वॉल्टरनी 'या' पुन्हा म्हणून बघितलं. एकदा, दोनदा. मग रुमाल काढला. आई म्हणाली, रडू दे, काढा घे थोडा तू पण.

२४ डिसें.
खोकला कमी. दोघं पुन्हा पोर्चवर, एक ब्लँकेट दोघांच्या गुडघ्यांवर. आई निघताना मराठीतच 'येते' म्हणाली. इंग्लिश क्लासमधून तो शब्द काढून टाकण्यात आलेला आहे. ते 'या' म्हणाले आणि, मी मुद्दाम पाहिलं, लगेच उठून कप आत घेऊन गेले.

११ जानेवारी
काहीच घडलं नाही. काय छान वाटतंय लिहायला. नितीननं इडल्या केल्या, दगड झाल्या, खाल्ल्या. आई इराला शिव्या शिकवते असा संशय. भैताड हा शब्द काल होमवर्क करताना कॅल्क्युलेटरला उद्देशून आला.

१४ फेब्रुवारी, शनि.
त्या लढाईचे दिवस. सूझन आली होती, वॉल्टरनीच बोलावलं. आम्हालाही. टेबलाशी बसल्यावर आईला म्हणाले, तू इकडे, शेजारी. आणि मुलीला सांगायला लागले. बिगुल, भोंगा, बिस्किटं, एडी. मधे अडले की आई "मग?" म्हणायची आणि ते पुढे जायचे. सूझन त्यांच्याकडे बघतच राहिली. शेवटी तिनं मला विचारलं, मग म्हणजे काय? म्हटलं, अँड देन. "दॅट्स ऑल? मीही म्हणू शकले असते." म्हटलं, हो. पण त्यांना आधी न समजणारं कुणी तरी हवं होतं बहुतेक. बाबांनाही तसं कुणी मिळालं असतं तर, असं मनात आलं. वाईट वाटलं, फार नाही. घरी येताना आई माझा हात धरून चालली, गुडघ्यासाठी.

८ मार्च
गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला, मे महिन्यात, दादानं तारीख घेतली. एक झाला की मग दुसरा. डॉक्टर म्हणाले पुढे लांबचा प्रवास बघू. 'बघू' हा डॉक्टरांचा शब्द आम्हा दोघींना समजतो. वॉल्टर चौऱ्याण्णवचे झालेत. कुणी बोललं नाही पण हिशेब सगळ्यांच्या मनात झाला.

२२ मार्च
सगळं पिवळं. पाइनचा पराग, आई म्हणते गाड्यांना हळद लागली. बॅगा भरणं चालू. साडीच्या घडीत व्हिटॅमिनच्या बाटल्या, मावशीसाठी बदाम.
मधेच हात थांबवून, "भाऊला निघताना काय म्हणू?"
येते म्हण, नेहमीसारखं.
"येणार आहे का मी? या माणसाला कसं येते म्हणू? उद्या पुन्हा दोन कप घेऊन बसला तर?"
मग जाते म्हण.
असं बघितलं की मी बदाम मोजायला लागले. जाते तिच्या तोंडून निघणार नाही. आणि बाय तिला आवडत नाही, म्हणते दार आपटल्यासारखं वाटतं.

२८ मार्च, शनि.
आई गेली. नाही, आई निघाली.
बॅगा डिकीत. ती पोर्चवर गेली, मी पायरीखाली. खुर्चीत बसली नाही, बसले तर उठवणार नाही म्हणाली. वॉल्टर उभे, टोपी हातात. बराच वेळ दोघं रस्त्याकडे बघत, पहिल्या दिवसासारखे. मग आईनं जय भीम केला. त्यांनीही. मला कळेना ती पुढे काय म्हणणार आहे. आणि तिचा आवाज नेहमीचाच आला, चहा पिऊन उठल्यासारखा.
"येते, भाऊ."
"या," वॉल्टर म्हणाले. वळले, आत गेले आणि दार लावून घेतलं. आमची गाडी अजून ड्राइव्हवेमध्येच होती.
क्षणभर मनाला लागलं. एवढंच? हात तरी हलवायचा. आईकडे बघितलं तर डोळे भरलेले आणि चेहरा इतका समाधानी. सीटबेल्ट शोधत म्हणाली, "बरं झालं. गेला आत."
एअरपोर्टवर मला मात्र मिठी मारून रडली. मी पण. इरा म्हणाली, "या, आजी." नितीनला खोकला आला, पराग म्हणे.

१२ एप्रिल
वॉल्टरच्या हृदयाची झडप बदलायची आहे. सूझनच्या गावी, अल्फारेटाला. या वयात करायचं का हे डॉक्टरांनी त्यांच्यावर सोडलं, त्यांनी हो म्हटलं. आईला फोनवर सांगितलं. "माझा गुडघा, त्याचं काळीज. दोघं दुरुस्तीला." मग जरा थांबून, "जेवतो का नीट?" जेवतात. टोमॅटोची रोपं माझ्या ओट्यावर आणून ठेवलीत, किल्ली दिली, पाण्याच्या सूचना दिल्या. जास्त नको. मी जास्तच घालणार, मला माहीत आहे.

१८ एप्रिल, शनि.
सूझन घ्यायला आली. एक छोटी बॅग, टोपी. मी पोळी-भाजीचा डबा दिला, वाटेसाठी. ऑल द बेस्ट वगैरे म्हटलं. वॉल्टर गाडीत बसले, काच खाली केली.
"येटो," म्हणाले.
आईनं शिकवलेलं नसणार, ती तर 'येते' म्हणायची. इराला विचारून घेतलं असणार, पुरुष काय म्हणतात ते.
आता माझी पाळी होती. इतका साधा शब्द. दिवसातून दहा वेळा म्हणतो आपण, कुणालाही, दारातल्या पाहुण्याला. सूझन स्टिअरिंगवर हात ठेवून थांबलेली, वॉल्टर माझ्याकडे बघतायत, आणि मला दिसत होतं की ते उत्तर घेतल्याशिवाय निघणार नाहीत.
"या," म्हटलं.
मान हलवली, काच वर गेली.
मी वळले, आत आले, दार लावलं. ठरलंय तसं. फोडणीत मोहरी टाकली, कढीपत्ता टाकला. मधे दोनदा खिडकीशी जाऊन आले, ते आईला सांगायचं नाही.